दोरी भिजेपर्यंत

शुक्रवारी सकाळी नोंदबाईनं चहाचं पातेलं नळाखाली धरलं आणि ती त्यावर वाकली. पाण्याला तळ्याच्या तळाचा वास येत होता. कुजका म्हणावा तर कुजका नाही, मातीचा म्हणावा तर नुसत्या मातीचाही नाही; लव्हाळ्याची मुळं खूप दिवस एकाच जागी भिजून बसली की जो येतो, तो वास. तिनं नळ बंद केला, पुन्हा सोडला, ओंजळ नाकाशी नेली. वास तिथंच. नवरा मागून आला, त्यानंही वाकून हुंगलं आणि म्हणाला, "औषध जास्त टाकलंय. तुमच्याच खात्याचं पाणी, तूच तक्रार कर आणि तूच नोंदवून घे." आपल्याच विनोदावर हसत तो आंघोळीला गेला. ती मात्र पातेलं हातात धरून तशीच उभी. हा वास तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या, पांढऱ्या फरशीच्या स्वयंपाकघरात यायचं काही एक कारण नव्हतं. शहराला पाणी देणाऱ्या तळ्यात अकरा मीटर पाणी होतं. हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण रोज दहा वाजता, तळ्यावरच्या पट्टीवर पाण्याची उंची बघणाऱ्या पट्टीवाल्याचा फोन घेऊन तो आकडा वहीत लिहायचं काम तिचंच. सत्तावीस वर्षं. कचेरीत तिला त्यावरूनच नोंदबाई म्हणत, आणि ते नाव कचेरीतून बसमध्ये, बसमधून जिन्यात, जिन्यातून घरात असं कधी चढून आलं ते तिलाही कळलं नाही.

तिनं पेला भरला आणि आतल्या खोलीत आबांना नेऊन दिला. आबा म्हणजे तिचे वडील. नऊ वर्षांपूर्वी डोळे अधू झाले तेव्हा दादानं, म्हणजे तिच्या मोठ्या भावानं, त्यांना होडीवरून जवळजवळ उचलून खाली उतरवलं होतं आणि तिच्याकडे आणून सोडलं होतं. तेव्हापासून ते या खिडकीशी बसून रस्त्यावरच्या बसगाड्यांना नावं ठेवत. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. मग पेला तिच्याकडे न बघताच परत केला.

"उंबऱ्याकडे निघालंय की पाणी."

"अकरा मीटर आहे आबा. रोज मीच लिहिते."

"मग तू रोज खोटं लिहितेस."

तिला संताप आला. सकाळी सकाळी, चहाच्या आधी, ज्या कामावर आपण उभा जन्म काढला त्याला खोटं म्हणणारा हा म्हातारा कोण लागून गेला? पण संतापाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते जास्त वाईट होतं. तिला स्वतःलाही तसंच वाटलं होतं. तिच्या नाकानं आकड्यावर विश्वास ठेवला नव्हता. नाक तिचं अजून तळ्यावरच राहत होतं तर! इतकी वर्षं साबणावर साबण लावून घासलं, तरी.

घासलं हे खरंच. शाळेत तिच्या बाकावरची मुलगी एक दिवस नाक मुरडून, दप्तर उचलून पुढच्या बाकावर गेली होती. काही बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. त्या संध्याकाळी तिनं विहिरीवर अंग इतकं घासलं की आई म्हणाली, "अगं, कातडं ठेव थोडं, लग्नात लागेल." पुढे शहरात आली, परीक्षा दिली, नोकरीला लागली, आणि वडील काय करतात असं कुणी विचारलं की तिच्या तोंडून आपसूक निघायचं, "पाण्याच्या खात्यात होते." सासरच्यांनाही हेच सांगितलं. नवऱ्याला खरं कळलं तेव्हा तो पोट धरून हसला होता आणि म्हणाला होता, "चूक काय त्यात? सगळ्यात खालच्या पदावर होते एवढंच." त्यानं ते मनावर घेतलं नाही, हा त्याचा मोठेपणा. तिनं मात्र ते मनातून कधी काढलं नाही. कचेरीत तर अजून तेच चालू होतं. साहेबांनाही वाटे, नोंदबाईंचे वडील आपल्याच खात्यातले जुने कोणी.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली आणि ती न बघता बाहेर बघत राहिली. उंबरा. किती वर्षांनी हा शब्द तिनं ऐकला. तळ्याच्या उत्तरेला एक आत वळलेला कोपरा आहे, त्याला तळ्यावरचे लोक कूस म्हणतात. उथळ, उबदार, लव्हाळ्यानं भरलेली. मासे अंडी घालायला तिथं जातात आणि पिल्लं तिथंच वाढतात. त्या कुशीच्या तोंडाशी पाण्याखाली दगडाची एक लांब धार आडवी पसरली आहे, तोच उंबरा. उंबऱ्यावर पाणी असलं की कूस तळ्याला जोडलेली. उंबरा उघडा पडला की आतलं पाणी तुटलं, चार उन्हांत आटलं, आणि त्या वर्षीची पिल्लं आतल्या आत गेली. पिल्लं गेली की पुढची दोन वर्षं जाळी कोरडी, आणि काठावरची चाळीस घरंही. दादाचं घर त्यात पहिलं. तीन आठवड्यांपूर्वी दादा आणि चार जण साहेबांकडे आले होते, शहरासाठी तळ्याचं पाणी उपसणारा दुसरा पंप लावू नका म्हणायला. ती तेव्हा दारामागे फायली लावत राहिली होती. दादानं तिला पाहिलं आणि ओळख दाखवली नाही, तिचीच सोय बघून. ते आठवलं आणि तिला बसमध्ये कानशिलं तापल्यासारखी झाली.

साहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगायलाच हवं. त्यांनी नकाशा उघडून दादाला समजावलं होतं. पाणी अकरा मीटर, उंबरा साडेसहावर. दोन्ही पंप चालले तर पावसापर्यंत चार मीटर उतरेल, तरी उंबऱ्यावर अर्धा मीटर उरतं. "तुमच्या माशांसाठी मोजून ठेवलंय," असं म्हणाले होते, आणि खरंच ठेवलं होतं. दुसरा पंप सोमवारी अकराला चालू व्हायचा होता. म्हणजे आकडा बरोबर असेल तर सगळं बरोबर. आकडा मीटरभर जरी चुकला असेल तर उंबरा अर्धा मीटर बाहेर. आणि नुसती कूसच नाही. पंपाचं तोंड गाळात जाणार आणि मग शहराच्या तोंडचं पाणी पळणार. सगळा डोलारा एका आकड्यावर, आणि तो आकडा तिच्या अक्षरात.

कचेरीत पोचल्यावर तिनं पर्स खुंटीला लावली नाही, पंखा लावला नाही, थेट मागची वही काढली. तिला काय शोधायचं हे ठाऊक नव्हतं, असं ती स्वतःला सांगत होती. पण बोट नेमकं त्या पानावर गेलं. थंडीत तळ्याच्या घाटाची भिंत ढासळली होती. दुरुस्तीसाठी पट्ट्या काढल्या होत्या. एकेक मीटरच्या, आकडे रंगवलेल्या लोखंडी पट्ट्या, एकावर एक बसवलेल्या. तीन आठवडे पट्टीच नव्हती, म्हणून ओळीनं 'अंदाजे', 'अंदाजे', 'अंदाजे'. पट्टी काढली त्या दिवशी अकरा पूर्णांक आठ. पट्ट्या पुन्हा बसल्या त्या दिवशी बारा पूर्णांक चार. त्या मधल्या दिवसांत वरच्या अंगाला थोडा अवकाळी पाऊस झाला होता, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. तिला वाटलं होतं. आता आठवलं. पेन थांबवून तिनं फोनवर विचारलं होतं, "वाढलं कसं हो?" आणि पट्टीवाला म्हणाला होता, "पट्टीवर दिसतंय ते सांगतो बाई, मी काय पाणी बनवतो?" ती हसली होती. हसून सही केली होती. गवंड्यानं पट्ट्या एक घर खाली बसवल्या असतील, बाराच्या जागी तेरा आणि अकराच्या जागी बारा, हे तिच्या मनात तेव्हा आलंच नाही. आलं असलं तरी तिनं येऊ दिलं नाही. डबा खायची वेळ झाली होती त्या दिवशी. आता ती सही तिच्याकडे बघत होती, छान वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेलं अक्षर.

साहेबांच्या दाराशी ती किती वेळ उभी होती कोण जाणे. आत गेली आणि एका दमात बोलली.

"साहेब, पट्टी चुकली असावी. एक मीटरनं. दुरुस्तीनंतर. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"कशावरून म्हणता?"

"वहीवरून. आणि वासावरून."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, वासावरून मी पंप थांबवू? अर्ध्या शहरात टँकर फिरतायत. मोजणीची होडी दुरुस्तीला गेलीय, आठ दिवस यायची नाही. आणि पट्टी मीटरभर चुकते होय कुठं?"

"पट्ट्या मीटरमीटरच्याच असतात साहेब. चुकल्या तर मीटरनंच चुकतील."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ती संधी तिनं सोडली नाही. उंबऱ्यावर दगड आहे, दगडाची उंची नकाशात आहे, तिथं खोली मोजली की संपलं. कशानं मोजणार, त्यांनी विचारलं. "माझ्याकडे दोरी आहे," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज परक्या बाईचा वाटला. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि म्हणाले, "सोमवारी मी तिथं येतोच आहे. नऊला. अकराला बटण दाबणार म्हणजे दाबणार."

दोरी माळ्यावर होती, जुन्या गादीच्या मागे. अंगठ्याएवढी जाड, सुतळीच्या पेडांची, टोकाला शिशाचा गोळा. आबांनी ती त्याच घाटावर, त्याच पट्टीशी लावून बांधली होती, दोन गाठी म्हणजे एक मीटर. सरकारी माप फुकट मिळतंय तर घ्या, असं म्हणून. शिशाच्या बुडाला वाटीसारखा खळगा होता. त्यात साबण दाबून भरायचा, म्हणजे खाली जे असेल ते चिकटून वर येतं. गाळ असला तर गाळ, वाळू असली तर वाळू, आणि नुसता दगड असला तर साबणाला नुसता डाग पडून कोरा येतो. हे सगळं तिला आठवत होतं याचंच तिला नवल वाटलं. रविवारी दुपारी तिनं धुण्याचा साबण किसून खळग्यात भरला. आबा खाटेवरून कान देऊन ऐकत होते. काही सांगायचंय का, असं तिनं विचारलं. "मी काय सांगू," ते म्हणाले, "तू खात्यातली." तिला ते लागलं. तिनं दोरी पिशवीत भरली आणि पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण बापलेकीचं असंच चालतं.

सोमवारी तिच्या निरोपावरून दादानं घाटाला होडी लावली. साहेब बूट हातात घेऊन चढले, मधल्या फळीवर बसले आणि दोन्ही काठ घट्ट धरले. ती चढली तेव्हा पाय आपोआप मधोमध पडला. दादा वल्हवता वल्हवता तिच्याकडे बघत नव्हता, आणि न बघण्यात त्याची चेष्टा तिला ऐकू येत होती. पाण्याचा वास आता नळातून नाही, चहूकडून येत होता. तिला वाटलं होतं की लाज वाटेल. वाटली नाही. उलट छाती भरून आली, एवढा मोठा श्वास तिनं कित्येक वर्षांत घेतला नव्हता. उंबऱ्यावर दादानं होडी दोन्ही बाजूंना नांगर टाकून स्थिर केली आणि पहिल्यांदाच बोलला, "हं, टाक. सरळ टाक, शहरातल्यासारखी नको."

तिनं शिसं सोडलं. दोरी हातातून सरकली, गाठी बोटांना लागत गेल्या. एक, दोन, तीन. सहा, आणि शिसं टेकलं. सहा आणि थोडं वर. वर ओढलं, साबण पाहिला. कोरा, नुसता चेपलेला. दगडच. तिनं पुन्हा टाकलं. पुन्हा तेच, जेमतेम साडेसहा.

"म्हणजे सव्वातीन मीटर," साहेब म्हणाले. "माझ्या हिशोबानं साडेचार हवं, तुमच्या म्हणण्यानं साडेतीन. हे दोन्हीत बसत नाही." त्यांनी खिशातून स्टीलची छोटी टेप काढली, तीन मीटरची. दोरी फळीवर ताणून त्यांनी सहा गाठी मोजल्या. तीन मीटर यायला हवे होते. आले तीन मीटर आणि वर वीतभर. साहेबांनी टेप मिटवली. आवाज चढवला नाही, तेच जास्त झोंबलं. "बाई, तुमची दोरीच खोटी आहे हो. अशा दोरीवर मी शहराला काय उत्तर देऊ?" दादानं मान खाली घातली. ती दोरी मांडीवर घेऊन बसली. खरखरीत, दोन डुबक्यांनी वरवर ओली पण आतून कोरडीच, नऊ वर्षांची धूळ अजून पेडांत. खोटी. वहीही खोटी, दोरीही खोटी, वडील खात्यात होते हेही खोटं. हाताला काय खरं लागलं आयुष्यात? काठावर पंपघराच्या दाराशी माणसं जमायला लागली होती. तिनं दोरीवरून अंगठा फिरवला आणि काहीतरी अडलं. खरखरीत. ही दोरी तिला खरखरीत कधी माहीतच नव्हती. लहानपणी ती आबांच्या समोर बसायची आणि दोरी नेहमी ओली असायची, थंडगार, घट्ट, पीळ भरलेली. काठावरून निघालं की पहिल्यांदा आबा काय करत? दोरी होडीच्या मागे पाण्यात सोडून देत. वल्हवत उंबऱ्यापर्यंत येईतो ती मागून शेपटासारखी येत असे. तिला वाटायचं, ती दोरी खेळतेय. एकदा तिनं विचारलंही होतं आणि आबा म्हणाले होते, "तहानलेली आहे, पाजतो तिला."

"साहेब!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की साहेबांनी पुन्हा काठ धरले. "ही आतून कोरडी आहे. सुतळी भिजली की आखडते. गाठी ओल्या दोरीच्या आहेत, आबांनी ओलीवरच मारलेल्या. मी गाढव, माळ्यावरून काढली ती तशीच आणली." दादानं कपाळावर हात मारला. "अगं बये! आणि मीही बघत बसलो. आम्ही आता नायलॉन वापरतो ना!" त्याला हसू फुटलं, तिलाही फुटलं, आणि त्या हसण्यात तीन आठवड्यांपूर्वीचं ते दारामागचं लपणं कुठल्या कुठे गेलं.

सगळी दोरी पाण्यात सोडली. मग वाट बघणं. तिघं जण उन्हात एका होडीत, आणि दोरी पाणी पितेय. दहा वाजून दहा. साहेबांनी डोक्यावर रुमाल टाकला. दहा पंचवीस. बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "तुमचे वडील कुठल्या विभागात होते म्हणालात? मोजणीत?" दादानं वल्ह्याकडे बघितलं. पाण्यावर दोरी हळूहळू बुडत होती, रंग गडद होत होता. तिनं घसा खाकरला नाही, पदर सावरला नाही. "मासेमार होते. या तळ्यावर. हा माझा सख्खा भाऊ." साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग दादाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "मग एवढी वर्षं आम्ही तुम्हाला नुसतं लिहायलाच बसवलं?" ते म्हणाले. तिनं पाण्यात हात घालून दोरी चाचपली. तिला एकदम हलकं वाटलं.

अकराला पाच कमी असताना साहेबांचा फोन वाजला. पंपघरातून. चालू करू का? त्यांनी फोन कानाशी धरून तिच्याकडे बघितलं. तिनं दोरी ओढून घेतली; थंडगार, घट्ट, पीळ भरलेली. फळीवर ताणली. साहेबांनी एका हातानं टेप लावली, दुसरं टोक दादानं धरलं. सहा गाठी, तीन मीटर, बोटभरही फरक नाही. तिनं उभं राहून शिसं सोडलं. गाठी तिनं मोजल्या नाहीत, बोटांनी मोजल्या. सहा. सात. सातवी गाठ बरोबर पाण्याच्या कातडीवर आली आणि शिसं टेकलं. साबण कोरा.

"साडेतीन," साहेब म्हणाले. त्यांनी वाकून त्या गाठीला बोट लावलं. मग फोनवर म्हणाले, "ऐकताय ना? करू नका चालू. कुलूप लावा आणि किल्ली माझ्याकडे द्या. हो, हो, एक दिवसाआड पाणी सोडू, आजपासून. लोक ओरडतील तर ओरडू देत, पावसापर्यंत पुरेल तरी. आणि त्या गवंड्याला शोधा." फोन ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा एकदा टाका बरं. मला धरू द्या." आणि तो बूट काढून बसलेला मोठा साहेब गाठी मोजत राहिला, मोठ्यानं, दादाच्या तालावर. सात म्हटल्यावर काठावरून आरडाओरडा ऐकू आला. काय झालं हे तिथल्या कुणाला कळलं नव्हतं, पण पंपघराचं कुलूप दिसलं होतं. कुणीतरी टोपी उडवली आणि ती पाण्यात पडली.

दुपारी कचेरीत जाऊन तिनं वही उघडली. तांबड्या पेनानं, छान वळणदार अक्षरात लिहिलं: 'आज प्रत्यक्ष मोजणी. पातळी दहा मीटर. दुरुस्तीपासूनच्या सर्व नोंदी एक मीटरनं जास्त. चूक माझ्या ध्यानात यायला हवी होती.' खाली सही केली. ओली दोरी पिशवीतून तिच्या टेबलाखाली ठिबकत होती आणि चहावाला म्हणाला, "बाई, तळं घेऊन आलात काय?" "हो," ती म्हणाली, "पुसू नकोस, राहू दे."

बसमध्ये पिशवी मांडीवर होती. शेजारची बाई थोडी सरकली, मग आणखी थोडी, मग नाकाला रुमाल लावून म्हणाली, "कसला हो वास येतोय?" नोंदबाईनं पिशवीचं तोंड आणखी उघडलं. "तळ्याचा. माझ्या वडिलांची दोरी आहे ही, ते मासे धरायचे. तुमच्या नळाला पावसापर्यंत पाणी येईल ना, ते हिच्यामुळे." बाई रुमाल खाली करून पिशवीत डोकावली. "अगं बाई," ती म्हणाली, आणि उठून दुसरीकडे गेली नाही. उतरेपर्यंत तिनं शिशाबद्दल, साबणाबद्दल, सगळं विचारून घेतलं.

घरी आबा खिडकीशी होते. तिनं काही न बोलता दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांची बोटं एका गाठीवरून दुसरीवर गेली, थांबली, दाबून बघू लागली. पाणी मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आलं, त्यांनी पुसलं नाही.

"पाजलीस होय," आबा म्हणाले. "किती गाठी?"

"सात."

"तरी सांगत होतो." मग तिच्या नवऱ्याच्या खोलीकडे तोंड करून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "अहो जावईबापू, उठा! आमची पोरगी पाण्याच्या खात्यात आहे!"